अंडं उबवायला ठेवल्यावर पहिल्या तीन दिवसांत आत नेमकं काय होतं?

सुरुवात उबवण्याआधीच झालेली असते. फलन कोंबडीच्या पोटात होतं आणि अंडं बाहेर पडेपर्यंत बलकावरच्या छोट्या पांढऱ्या चकतीत हजारो पेशी तयार असतात. बेडकाचं अख्खं अंडं विभागतं, इथे फक्त ही चकती. बाकीचा बलक म्हणजे शिदोरी.

ऊब मिळाली (सुमारे ३७.५ अंश) की पहिल्या दिवशीच चकतीवर एक रेघ उमटते. पेशी तिथून आत सरकतात आणि तीन थर होतात. मला तर साऱ्या जीवशास्त्रात हाच क्षण सर्वांत थोर वाटतो, कारण पुढचं सगळं शरीर या थरांतून येतं: वरच्यातून त्वचा आणि मेंदू, मधल्यातून हाडं, स्नायू, रक्त, हृदय, आतल्यातून आतड्याचं अस्तर, यकृत, फुप्फुसं. मासा असो की माणूस, थर हेच तीन.

लगेच वरचा थर दुमडून नळी होते, तोच मेंदू आणि मज्जारज्जू. दुसऱ्या दिवशी हृदय धडधडू लागतं. चौथ्या दिवशी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतील.

आपल्या खान्देशासाठी एक गोष्ट महत्त्वाची. साधारण २५ अंशांखाली वाढ जवळजवळ थांबते. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पत्र्याच्या घरात पडलेल्या अंड्यात ती अर्धवट सुरू होते आणि भ्रूण मरतो. म्हणून खुडूक कोंबडीखाली ठेवायची अंडी तोवर माठाजवळ, गारव्याला ठेवा.