कांद्याच्या रानात पुन्हा गवत वाढू दिलं तर मातीची घडण सुधारते का?

सुधारते, पण सबुरी हवी. घरीच बघा: बांधावरच्या मारवेल गवताखालचं एक ढेकूळ आणि शेजारच्या कांद्याच्या वाफ्यातलं एक, दोन्ही सावलीत वाळवून काचेच्या ग्लासात पाण्यात सोडा. वाफ्यातलं बहुधा मिनिटा-दोन मिनिटांत विरघळून गाळ होतं, गवताखालचं बराच वेळ तग धरतं.

कारण गवताची तंतुमुळं आणि त्यांच्यासोबतची बुरशी मातीच्या कणांना बांधून ठेवते. रोटाव्हेटर (ट्रॅक्टरमागचं माती भुसभुशीत करणारं फिरत्या पात्यांचं अवजार) दर हंगामात तीच बांधणी मोडतो आणि आतला सेंद्रिय पदार्थ जिवाणूंच्या तोंडी जातो. कणांची बांधणी काही वर्षांतच सुधारलेली दिसते. सेंद्रिय कर्ब, म्हणजे सेंद्रिय पदार्थातला कार्बन, मात्र भरायला दशकं लागतात. खोल थर दबलेला असेल तर तो त्याहून हळू सुटतो.

सिन्नर-येवल्याकडच्या हलक्या मुरमाड रानात पाणी मुरण्यातला फरक चटकन जाणवेल. गोदाकाठची भारी काळी माती तशीही भेगाळून-फुगून स्वतःला मोकळी करते, तिथं फरक कमी भासतो. आणि ओल असताना गवताच्या रानात जनावरं सोडू नका, खुरांनी माती पुन्हा चेपते. त्यापेक्षा गवत कापून जनावरांना घाला.