पहिल्यांदा कॉन्टॅक्ट लेन्स घेतोयस तर

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण आपल्या कोकणात तिथेच चूक होते. विहिरीचं पाणी कितीही नितळ दिसू दे, लेन्सला ते लावायचं नाही, नळाचंही नाही. त्यात अकांथामीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. तो डोळ्याच्या पारदर्शक पडद्यात शिरला की दुखणं असह्य होतं, उपचार महिनोन् महिने चालतात आणि नजरही जाऊ शकते. म्हणून कर्द्याला समुद्रात उतरायचं असेल तर लेन्स आधी काढ. लेन्सची डबीसुद्धा लेन्स धुवायच्या द्रावणाने, म्हणजे सोल्यूशननेच धू, उपडी घालून वाळव, दर 3 महिन्यांनी बदल. कालच्या सोल्यूशनमध्ये नवीन भर घालू नकोस, सगळं ओतून टाक.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे कर. मासळी साफ केली असेल तर दोनदा धू. लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून बाजूने बघ. कडा वाटीसारखी सरळ वर आली तर ठीक, बाहेर फाकली तर उलटी आहे.

नंबर चष्म्याच्या चिठ्ठीवरून थेट घेऊ नकोस, डोळे तपासून माप घे. चष्मा डोळ्यापासून साधारण 12 मिलिमीटर दूर असतो, त्यामुळे 4 नंबरच्या पुढे फरक पडतो: उणे 6 चा चष्मा असेल तर लेन्स उणे 5.50 च्या आसपास लागते.

लेन्स घालून झोपायचं नाही. डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, तर लेन्स काढून चष्मा लाव आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. मेडिकलमधून परस्पर थेंब आणून घालू नकोस, त्यात स्टेरॉइड असलं तर दुखणं वाढतं.