शिकता शिकता कमावणारी मुलं आणि आयकर रिटर्न

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, सोलापुरातच इंजिनिअरिंगला आहे. इथल्या एका युनिफॉर्म कारखानदाराच्या कॅटलॉगचं डिझाइन करतो. २०२५-२६ साठी ८४,००० ठरले होते, खात्यावर ७५,६०० आले. मुलगी १६ वर्षांची. लग्नसराईत मेंदी काढून तिने १८,००० मिळवले. शिवाय आजीने तिच्या नावे ३ लाखांची एफडी केली आहे. दोघंही आमच्यावर अवलंबून आहेत. त्यांना रिटर्न भरावा लागेल का? – एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, मूल तुमच्यावर अवलंबून आहे की नाही, हे इथे कुणी विचारत नाही. वय किती आणि पैसा कशातून आला, एवढंच बघायचं.

मुलगा सज्ञान आहे, म्हणजे कमाई त्याची आणि रिटर्नही त्याचाच. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत (जुनीत अडीच लाख) एरवी रिटर्नची सक्ती नाही. टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरलेला कर) २५,००० किंवा जास्त असेल, परदेश प्रवासावर २ लाखांहून जास्त खर्च झाला असेल, असे काही अपवाद आहेत. तुमच्याकडे ते दिसत नाहीत. तरीही त्याने रिटर्न भरावाच, कारण कापलेले ८,४०० त्याचे आहेत आणि रिटर्नशिवाय ते परत मिळत नाहीत. व्यावसायिक फी वर्षाला ५०,०००च्या वर गेली की १० टक्के कपात होते, ती ही.

आधी आयकर खात्याच्या पोर्टलवर फॉर्म २६एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) उघडून ८,४०० त्याच्या पॅनवर दिसतात का बघा. दिसत नसतील तर कारखान्याच्या अकाउंटंटने पैसे भरलेले नाहीत किंवा पॅन चुकीचा टाकलाय. दुरुस्ती त्यालाच करावी लागते. कर कापल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म १६ए, मागून घ्या. उत्पन्न ८४,००० दाखवायचं. बरीच मुलं खात्यात आलेला आकडा लिहितात, मग २६एएसशी मेळ बसत नाही आणि रिफंड अडकतो. दुसरी चूक म्हणजे सोपा म्हणून आयटीआर-१ निवडणं. तो पगारदारांचा, फ्रीलान्स कामाला आयटीआर-३ किंवा ४ लागतो. दोनपैकी कोणता, हे पहिल्या वर्षी सीएकडून ठरवून घ्या. ही फी वाया जात नाही. बँक खातं पोर्टलवर आधी व्हॅलिडेट करा. खात्यावरचं आणि पॅनवरचं नाव जुळलं पाहिजे. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पडताळणी) करायला विसरू नका, नाहीतर उशिरा भरल्यासारखा धरला जातो. त्याने रिटर्न भरला म्हणून त्याच्या ट्यूशन फीवरची तुमची ८०सीची वजावट (जुन्या प्रणालीत) जात नाही.

मुलीचं गणित वेगळं. मेंदी हे तिच्या कौशल्याचं काम, म्हणून ते १८,००० तिचेच. रिटर्नची गरज नाही. एफडीचं व्याज मात्र आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवायचं. ७ टक्के दर धरला तर ते साधारण २१,०००. जुन्या प्रणालीत दर मुलामागे १,५०० सूट, नवीत तीही नाही. एफडी आजीने केली म्हणून व्याज आजीकडे जात नाही, घरोघरी हाच घोळ असतो. आणि मेंदीचे पैसे एफडीत टाकले, तर त्याचंही व्याज तुमच्याच उत्पन्नात येतं. अठरा पूर्ण झाल्या दिवसापासूनचं व्याज तिचं स्वतःचं.

मुलाला आता एक सवय लावा : प्रत्येक कामाचं बिल क्रमांक घालून द्यायचं आणि कमाईसाठी खातं वेगळं ठेवायचं. पुढे कर्जाला किंवा परदेशी शिक्षणाच्या व्हिसाला गेलात की फ्रीलान्सरकडे पगाराची स्लिप नसते. दोन-तीन वर्षांचे रिटर्न हाच त्याच्या उत्पन्नाचा पुरावा. कॉलेजची शिष्यवृत्ती यात मिळवू नका, शिक्षणासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीवर कर नाही.

मुलीचं पॅन काढलेलं असेल तर त्यावर फोटो आणि सही नसेल. अठरा झाल्यावर दुरुस्तीचा अर्ज करून दोन्ही घालून घ्या आणि त्याच फेरीत बँकेत खातं सज्ञान करून नवीन केवायसी द्या.