मत वाया गेलं, आता देश सोडू का?

प्रश्न : ताई, मी मुलुंडचा, वय ३४. जर्मनीत नोकरी मिळतेय. पगाराचा मोह नाही, इथल्या राजकारणाचा वीट आलाय. ज्याला मत दिलं तो निवडून आल्यावर दुसऱ्याच गोटात गेला. आईबाबा म्हणतात, जा. माझं मन धजत नाही. काय करू?

उत्तर : तुझा संताप रास्त आहे. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. मतदाराला कुणी विचारलं नाही. मुंबईत तर मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाच्या हाती.

काम आवडलं असेल तर जरूर जा. पण वैतागून जाणार असशील, तर थांब. भारतीय पासपोर्ट राहिला तर नमुना ६अ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचा मतदार नोंदणी अर्ज) भरून मतदारयादीत राहता येतं. मत द्यायला मात्र इथे यावं लागतं. तिकडचं नागरिकत्व घेतलंस की इथलं संपलं. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) गणपतीला येशील, मत देता येणार नाही. ज्यांच्यावर चिडलायस त्यांना पाडायचा हक्कच जाईल, याचं मला फार वाईट वाटतं.

मी राहिले असते. माहितीचा अधिकार महाराष्ट्रात २००२ मध्ये आला, केंद्राच्या तीन वर्षं आधी, तोही माणसं इथे राहून आंदोलनाला बसली म्हणून. होकार कळवण्याआधी तुझ्या गल्लीतल्या रस्त्याच्या कामाचे कागद मागव. अर्जाला दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. न आल्यास अपील कर आणि मला पुन्हा लिही.