गाडी खाली बसवली आणि खडखड सुरू झाली

प्रश्न : काका, दोन आठवड्यांपूर्वी मित्राला हाताशी घेऊन माझ्या हॅचबॅकला चारही चाकांवर छोट्या स्प्रिंगा घातल्या. शॉकअप जुने, कंपनीचेच ठेवले. गाडी ४० मिलिमीटर खाली आली आणि दिसते झकास. पण आता उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की पुढून ‘टणकन’ आवाज येतो. बारीक खड्ड्यांवर खडखड होते. सकाळी गाडी काढताना खालून जुनं दार उघडल्यासारखं करकरतं. गॅरेजवाला म्हणतो, शॉकअप गेले, चारही बदला. बदलू का?

उत्तर : थांब, आत्ता एकही पार्ट विकत घेऊ नकोस. तीन आवाज वेगवेगळे लिहिलेस हे फार बरं केलंस. बहुतेक पत्रांत नुसतं ‘आवाज येतो’ एवढंच असतं, मग मी काय डोंबल सांगणार? तुझे तीन आवाज म्हणजे बहुधा तीन वेगळी दुखणी आहेत, आणि तिन्ही फिटिंगमधली वाटतात.

आधी ‘टणकन’. पुढच्या चाकाला स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबासारखे उभे असतात. चाक वळलं की तो अख्खा खांब वळतो. तो वळावा म्हणून वर माउंटिंगमध्ये एक चपटं बेअरिंग असतं. ते अडकलं असेल, उलटं बसलं असेल किंवा स्प्रिंगचं खालचं टोक, ती ज्या वाटीत बसते तिच्यातल्या पायरीला, नीट टेकलेलं नसेल, तर स्प्रिंग वळायच्या ऐवजी पीळ खाते आणि मग एकदम सुटते. तोच तुझा टणकार. मित्राला स्टिअरिंगवर बसव आणि सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांग. तू तळहात स्प्रिंगच्या बाहेरून टेकव. वेढ्यांच्या मध्ये बोट घालायचं नाही, हे नीट लक्षात ठेव. आवाजाच्या क्षणी हाताला झटका बसला, की चोर सापडला.

तिथेच वरचा मधला नट बघ. हवेच्या गनने आवळला असेल तर शॉकअपचा दांडा नटाबरोबरच गरगर फिरतो. हाताला नट घट्ट लागतो, पण असतो ढिला. दांडा अ‍ॅलन कीने धरून नट टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचा असतो. पण तो नट सोडायचा झाला तर आधी स्प्रिंग कॉम्प्रेसरमध्ये नीट दाबलेली हवी. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेते. कॉम्प्रेसर नसेल तर हे काम दुसऱ्याकडे दे, त्यात कमीपणा नाही.

खडखड म्हणजे दहातल्या आठ वेळा लिंक रॉड. स्टॅबिलायझर बारला, म्हणजे वळणावर गाडीचं झुकणं आवरणाऱ्या आडव्या दांड्याला, शॉकअपशी जोडणाऱ्या त्या बारीक दांड्या. गाडी खाली आली की बारचा कोन बदलतो, आणि आधीच जरा झिजलेला लिंक रॉड लगेच बोंबलायला लागतो. तपासताना सगळे एक चूक करतात : एकच चाक जॅकवर घेतात. तसं केलं की बारला पीळ बसतो, लिंक रॉड ताणला जातो आणि त्यातला ढिलेपणा लपतो. दोन्ही चाकं सारख्या उंचीवर, जमिनीवर असताना आत हात घालून हलवून बघ. तरी शंका राहिली तर दोन्ही लिंक रॉड काढ, बार कुठे अडकणार नाही असा बांध आणि मोकळ्या मैदानात अगदी हळू एक फेरी मार. गाडी वळणावर जास्त झुकेल, म्हणून रस्त्यावर नेऊ नकोस. खडखड थांबली तर लिंक रॉड किंवा बार धरून ठेवणारे रबरी बुश. थांबली नाही तर बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड या चाकाच्या आणि स्टिअरिंगच्या सांध्यांकडे वळ.

आता करकर, माझा लाडका आवाज. लाडका अशासाठी, की त्याने माझं नाक कापलं होतं. धंद्यात नवा असताना स्वतःच्याच गाडीला छोट्या स्प्रिंगा घातल्या, चाकं हवेत लटकलेली असतानाच लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बोल्ट कचकचून आवळले आणि ऐटीत बाहेर पडलो. आठवडाभर गाडी म्हाताऱ्या खाटेसारखी कुरकुरत होती. मी आर्मच्या सांध्यातले दोन्ही रबरी बुश बदलले, तरी तेच. कारण नवे बुशही मी चाकं लटकवूनच आवळले होते! त्याचं असं आहे : बुशच्या आतली लोखंडी नळी बोल्टने पक्की होते, बाहेरचा भाग आर्मबरोबर हलतो आणि मधलं रबर पिळलं जातं. बोल्ट ज्या स्थितीत आवळशील ती रबराची आरामाची जागा. लटकलेल्या चाकांवर आवळलास तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळलेलंच राहतं, कुरकुरतं आणि अकाली फाटतं. तू हे बोल्ट सोडलेच नसतील तरी ते जुन्या उंचीला आवळलेले आहेत, म्हणजे रबराला पीळ आहेच.

खात्री करायला बुशवर साबणाचं पाणी मार. आवाज तात्पुरता थांबला तर तेच. तेल मारू नकोस, त्याने रबर फुगतं. मग गाडी रॅम्पवर किंवा गॅरेजमधल्या खड्ड्यावर चारही चाकांवर उभी कर, बोल्ट थोडे ढिले कर, गाडी दोनदा पुढे-मागे ढकल, बॉनेटवर जोर देऊन हलव आणि तशीच आवळ. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही.

राहिले शॉकअप. अंगावर तेल ओघळलेलं दिसतंय का? नसेल तर आवाजापायी ते बदलायची घाई नाही. मात्र एक बघ : चाक पूर्ण लटकलं असताना स्प्रिंग हाताने सहज फिरते का? फिरत असेल तर या स्प्रिंगेला हा शॉकअप लांब पडतोय, मोठ्या खड्ड्यात ती जागेवरून सरकू शकते. मग मात्र छोट्या मापाचे शॉकअप घ्यावेच लागतील, आणि गॅरेजवाला वेगळ्या कारणाने का होईना, बरोबर ठरेल.

प्रश्न : स्पीड ब्रेकरवर धप्पकन आपटतं. बंप स्टॉपर (शॉकअपच्या दांड्यावरचा रबरी ठोकळा) कापू का?

उत्तर : आधी मोज. धूळकव्हर वर सरकवून दांड्यावर एक प्लॅस्टिकची पट्टी हलकेच बांध आणि शॉकअपच्या अंगाला टेकवून ठेव. एक फेरी मारून ये. पट्टी स्टॉपरपर्यंत पोचली असेल तर गाडी त्याच्यावर बसतेय. स्प्रिंगबरोबर आलेल्या कागदावर कापायला सांगितलं असेल तर तेवढाच काप. स्टॉपरच नको म्हणून काढून टाकलास तर शॉकअप आतून फुटेल.

प्रश्न : अलाइनमेंट आत्ता करू की स्प्रिंगा ‘बसल्यावर’?

उत्तर : आत्ताच. गाडी खाली आली की टो (वरून बघता चाकं आत-बाहेर वळलेली असणं) आणि कॅम्बर (समोरून बघता चाकाचा झुकाव) दोन्ही हलतात आणि टायर आतल्या कडेने झिजायला लागतो. काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासून घे. मी वर सांगितलेले बोल्ट सोडून आवळायचे असतील तर ते आधी कर, नाहीतर अलाइनमेंट दोनदा करावी लागेल.