फ्लेअर पकडायला बसू नकोस, तास भरायला बस

अरे, तुझा लांबलचक मेसेज वाचला, गच्चीवरून प्रॉक्झिमाचे फ्लेअर (ताऱ्याचा उजेड एकदम उसळतो ते) टिपायचेत म्हणतोस, ऑफिसमधून येताना ट्रेनमध्येच वाचला त्यामुळे उत्तर तुकड्यातुकड्यात डोक्यात तयार झालंय, तसंच लिहिते.

आधी प्रॉक्झिमाचं उरकते. प्रॉक्झिमा सेंटॉरी सूर्याला सगळ्यात जवळचा तारा, ४.२४ प्रकाशवर्षं, मार्च २०१६ मध्ये तो काही मिनिटांसाठी ६८ पट तेजस्वी झाला होता, सगळं खरं. पण तो नरतुरंग तारकासमूहात इतका दक्षिणेला आहे की मुंबईतून अगदी वरात वर आला तरी क्षितिजापासून जेमतेम आठ अंश. घाटकोपरच्या गच्चीवरून आठ अंशांवर काय दिसतं ते तूच बघ, धूळ, दिवे आणि समोरच्या टॉवरमधल्या लोकांचे टीव्ही. तो चिलीवाल्यांना राहू दे.

तुझा तारा एडी लिओनिस. हा लाल खुजा तारा १६ प्रकाशवर्षांवर आहे, प्रत साधारण ९.४ (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा फिका), म्हणजे तुझ्या सहा इंची दुर्बिणीला आरामात जमतो, आणि मुख्य म्हणजे मुंबईचा अक्षांश १९ आणि ह्याची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, जवळपास २०, म्हणून तो बरोब्बर आपल्या डोक्यावरून जातो. शहराच्या आकाशात आपल्याला मिळालेली ही एवढीच एक चैन समज, डोक्यावर हवेचा थर सगळ्यात पातळ आणि दिव्यांचा उजेडही सगळ्यात कमी. फेब्रुवारीच्या शेवटी तो रात्री साडेबाराच्या सुमारास माथ्यावर येतो, मार्चअखेर साडेदहाच्या सुमारास. जूननंतर काय, पाऊस, दुर्बीण झाकून ठेवायची आणि जुना डेटा उपसायचा.

शोधायला सोपा, पण तिथेच मेख आहे. मघांचा तो कोयता माहितीये ना, त्यातला अल्जिबा म्हणजे गॅमा लिओनिस, दुसऱ्या प्रतीचा झगझगीत तारा, आणि आपला एडी त्याच्यापासून फक्त पाच कलांवर, पौर्णिमेच्या चंद्राच्या सहाव्या हिश्श्याएवढं अंतर! अल्जिबा ह्याच्यापेक्षा जवळजवळ हजार पट तेजस्वी. न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण वापरतोयस त्यामुळे छोट्या आरशाच्या पट्ट्यांमुळे अल्जिबाला चार लांब काटे फुटणार, त्यातला एक जरी एडीवरून गेला तरी मोजमाप गेलं, म्हणून पहिल्याच फ्रेमला झूम करून बघ आणि गरज पडली तर नळी तिच्या कड्यांमध्ये थोडी फिरवून घे. शक्य झालं तर अल्जिबाला फ्रेमच्या बाहेरच ढकल. आणि हो, बरेच जण फोटोमेट्रीसाठी, म्हणजे ताऱ्याचा उजेड मोजायला, मुद्दाम किंचित आउट ऑफ फोकस करतात, इतरत्र ठीक आहे, इथे नको, अल्जिबाचा उजेड पसरून एडीच्या अंगावर येतो.

दुसरी अडचण माउंटची, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या स्टँडची. तारा माथ्यावरून जाताना जर्मन माउंटला दुर्बीण उलटी फिरवावी लागते, मेरिडियन फ्लिप, आणि फ्लिपनंतर तारा सेन्सरच्या भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसतो. तुझे फ्लॅट (सेन्सरचा कमीजास्तपणा काढायला घेतलेले सारख्या उजेडाचे फोटो) नीट नसतील तर नेमकी तिथे तेजाच्या आलेखात एक पायरी दिसते. तेव्हा फ्लिपची वेळ आधीच वहीत लिहून ठेव आणि त्या आजूबाजूची दहाएक मिनिटं संशयितच धर.

आता फिल्टर. फ्लेअर म्हणजे ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषा पिळवटून तुटतात आणि पुन्हा जोडल्या जातात, त्यात अडकलेली ऊर्जा धडाक्यात बाहेर पडते आणि खालच्या थरांतला वायू नऊ-दहा हजार केल्विनपर्यंत तापतो. मूळ तारा तीन हजारांच्या थोडा वर, म्हणजे लालभडक. लाल पृष्ठभागावर निळसर-पांढरा ठिपका पेटतो, म्हणून लाल फिल्टरमध्ये बारीकसा उंचवटा दिसतो आणि निळ्यात तोच डोंगर. १६ जानेवारी २००९ ला वायझेड कॅनिस मायनॉरिसवर (हा प्रश्वापासून दोनेक अंशांवर असतो, तुझा पुढच्या हिवाळ्याचा तारा) असा फ्लेअर झाला की अतिनील यू फिल्टरमध्ये तो साधारण ६ प्रतींनी वाढला, म्हणजे अडीचशे पट! यू फिल्टर तुझ्या-माझ्या कॅमेऱ्याच्या आणि मुंबईच्या हवेच्या आवाक्याबाहेर आहे, पण बी, म्हणजे निळा फिल्टर चालतो. निळ्यात एडी ११ च्या आसपास असतो, वीस-तीस सेकंदांचं एक्स्पोजर पुरतं. त्याहून लांब नको, वर चढायला कधीकधी काही सेकंदच लागतात, दोन मिनिटांच्या फ्रेममध्ये तो शेंडा चेपून जातो. फिल्टर लगेच विकत घेऊ नकोस, डीएसएलआर आहे ना, रॉ मध्ये काढ आणि निळे पिक्सेल वेगळे कर, सुरुवातीला धावतं. रस्त्यावरच्या नव्या पांढऱ्या एलईडींनी निळ्या आकाशाची वाट लावलीये, ते सहन करावं लागेल.

तू विचारलंस की नासाचा टेस सॅटेलाइट २०१८ पासून वर आहे, मग गच्चीवरून करून काय फायदा. बरोबर प्रश्न. पण टेस बघतो ६०० ते १००० नॅनोमीटर, म्हणजे लाल बाजूला, जिथे फ्लेअर सगळ्यात फिका. आणि मोठ्या दुर्बिणींचं म्हणशील तर, आयआयटी बॉम्बे आणि बंगळुरूच्या आयआयए ह्या खगोलभौतिकी संस्थेची ०.७ मीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण लडाखमध्ये हानलेला आहे, माझ्या मते देशातल्या सगळ्यात कामसू दुर्बिणींपैकी एक, पण तिच्या मागे रोज रात्री नवनवीन स्फोटांची रांग, ती एका ताऱ्यासमोर सहा-सहा तास ठाण मांडून कशी बसणार? तू बसू शकतोस. तुला दुसरं काम नाही (परीक्षा सोडून, ते आपण आईला सांगत नाही).

आणि आता जे मला खरं म्हणजे सगळ्यात आधी लिहायचं होतं ते. बहुतेक रात्री काहीही होणार नाही. सरळ रेघ. तुझ्या वयाची मुलं काय करतात, सरळ रेघ आली की फोल्डर उडवतात, फ्लेअर आला की स्क्रीनशॉट ग्रूपवर. असं केलंस की तुझा डेटा कामातून गेला. कारण शास्त्रज्ञांना एक फ्लेअर नकोय, त्यांना दर हवाय, इतक्या तासांत इतक्या ऊर्जेचे इतके. लहान फ्लेअर पुष्कळ, मोठे विरळ, हे प्रमाण किती उताराने घटतं त्यावरून ताऱ्याचा स्वभाव कळतो, आणि त्याच्याभोवती ग्रह असला तर त्याच्या हवेवर काय मारा होत असेल तेही. भागाकारात खाली तास असतात. कोऱ्या रात्री फेकून दिल्यास तर तारा आहे त्यापेक्षा दुप्पट तापट दिसेल आणि खोटं कुणी बोललेलंच नसेल, गंमत बघ. त्यामुळे संध्याकाळीच ठरव, आज नऊ ते एक, आणि एकलाच बंद कर. कंटाळा आला म्हणून अकराला उठायचं नाही. एकच्या तोंडावर फ्लेअर सुरू झाला तर उतार संपेपर्यंत जरूर थांब, पण वाढीव वेळ वहीत वेगळा लिही. ढग आले तेवढी मिनिटं वजा. १२ एप्रिल १९८५ ला ह्याच एडीवर प्रचंड फ्लेअर नोंदला गेला, चार तास चालला होता, तो सापडला कारण त्या रात्री दुर्बिणी त्याच्यावर लावलेल्या होत्या, इतकं साधं.

काही उसळलं तर नाचू नकोस, आधी संशय घे. खऱ्या फ्लेअरचा आकार फोडणीच्या ठसक्यासारखा, येतो एकदम आणि रेंगाळतो बराच वेळ. एकाच फ्रेममध्ये उडी आणि पुढच्या फ्रेममध्ये सगळं जागेवर, असं असलं तर बहुतेक विमान, सॅटेलाइट किंवा कॉस्मिक रे (अवकाशातून येऊन सेन्सरवर आदळणारा कण). तुमच्या डोक्यावरून तर विमानतळाची लाइनच आहे, मूळ फ्रेम उघडून रेघ दिसते का बघ. हळूहळू तासाभरात वाढ झाली तर तुलनेचा तारा, म्हणजे ज्याच्याशी एडीचा उजेड ताडून बघतोस तो, जास्त निळा घेतला असशील, हवेचा थर बदलला की दोघांचे रंग वेगळे मार खातात. एएव्हीएसओ ह्या बदलत्या ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकन संघटनेच्या चार्टवरून तुलनेचे तारे घे, आणि एक चेक तारा असा ठेव ज्याचा आलेख सपाटच यायला हवा, तोही उसळला तर दोष तुझ्याकडे. १९६० च्या दशकात फ्रान्सच्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत काही साध्यासुध्या ताऱ्यांच्या वर्णपटात अचानक पोटॅशियमच्या रेषा चमकल्या, पोटॅशियम फ्लेअर म्हणून पेपर छापले गेले, मग कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी काडेपेटीच्या काड्या ओढून अगदी तशाच रेषा काढून दाखवल्या! वेधशाळेत कुणीतरी सिगरेट पेटवत होतं. तुमच्या गच्चीवर पण शेजारचे काका येतात ना फुंकायला?

घड्याळ विसरू नकोस, लॅपटॉप दर रात्री इंटरनेटवरून सिंक कर, आणि फ्रेमवरची वेळ एक्स्पोजरच्या सुरुवातीची आहे की मधली ते एकदा तपासून घे. ज्युलियन दिवस, म्हणजे खगोलवाल्यांची दिवसांची सलग मोजणी, आपल्या संध्याकाळी साडेपाचला बदलतो, म्हणजे आपली अख्खी रात्र एकाच आकड्यात बसते, जपानवाल्यांना हे सुख नाही.

फेब्रुवारीच्या अमावास्येच्या आठवड्यात सुरू करू. सेक्रेटरींकडून गच्चीची किल्ली आधीच मागून ठेव, ऐनवेळी ते गावाला गेलेले असतात. मी त्याच रात्री माझी दुर्बीण वांगणीला लावते, तुझ्या आणि माझ्या आलेखात एकाच मिनिटाला तीच उसळी आली तर विमानाचा प्रश्नच मिटला. पहिल्या रात्रीचा डेटा मला जसाच्या तसा पाठव, वाईट फ्रेमसकट, वहीच्या पानाचा फोटोही. आणि स्वेटर नको घेऊस, ओडोमॉस घे.

– ताई