जनाईच्या शेजारी कोण?

प्रश्न : ताई, मला शाळेपासून कवितांचं वेड. वह्या भरून कविता उतरवल्यात आणि दिवाळी अंकांतली, कॅलेंडरांवरची चित्रं कापून त्यांच्या शेजारी चिकटवल्यात. मराठी भाषा गौरव दिनाला आमच्या वाचनालयात यातूनच छोटं प्रदर्शन लावायचंय. सूनबाई म्हणते, "आई, पावसाच्या कवितेला पावसाचंच चित्र हवं ना?" माझ्या वहीत तर तसं क्वचितच आहे. जोड्या लावायच्या तरी कशा?
– एक वाचक, सेलू

उत्तर : सूनबाईंना सांगा, कवितेत पाऊस पडून गेलाय, चित्रात पुन्हा कशाला पाडायचा? मी चित्रकला शिकवायचे तेव्हा 'कवितेवर चित्र काढा' म्हटलं की पोरं पहिल्या ओळीतली वस्तू शोधायची. झाड सापडलं, काढलं झाड, झाली सुट्टी!

तुमच्या परभणी जिल्ह्यातलंच घ्या. गंगाखेडच्या जनाबाईंचं 'दळिता कांडिता तुज गाईन अनंता'. त्याला ठरलेलं चित्र म्हणजे जातं, जनाई आणि दळू लागलेला विठ्ठल. गोड असतं, माझ्या माहेरी देवघरात होतं. पण त्यात देव येऊन बसलेला दिसतो, या ओळीत तो अजून गाण्यातच आहे. मी तिथे डच चित्रकार व्हर्मीरची दूध ओतणारी बाई लावीन. साधारण १६६० चं चित्र, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. डावीकडच्या खिडकीतून उजेड आलाय, पांढऱ्या भिंतीत खिळ्यांची भोकं आहेत, टेबलावर पाव. बाईच्या बाह्या वर सारलेल्या, मनगटापर्यंतचा हात कामानं रापलेला आणि त्याच्या वरचा गोरा. सगळ्या चित्रात हलते ती फक्त दुधाची बारीक धार. बाईचे हात कामात आहेत. मन कुठे आहे, ते चित्रकार सांगत नाही. ते जनाबाई सांगतात! दोघींमध्ये सुमारे ३०० वर्षं आणि सात समुद्र आहेत, पण एका भिंतीवर लावून बघा.

म्हणजे विषय जुळवू नका. हात काय करतायत, नजर कुठे आहे, कविता पळतेय की बसलीय, ते बघा. बालकवींचा 'औदुंबर' गाव, शेतं, पायवाट असं सगळं फिरून शेवटी पाण्यात पाय टाकून बसतो. त्याच्याजवळ आपल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात भिंतीवर रंगवलेला बोधिसत्त्व पद्मपाणी ठेवा. त्यात पाणी औषधालाही नाही. भोवती माकडं, मोर, माणसं यांची गर्दी, आणि मधे हा हातात निळं कमळ धरून, पापण्या खाली टाकून उभा. एक बसलेला, एक उभा, पण दोघांचं थांबणं एकाच जातीचं.

सगळ्याच कवितांना चित्र लागतं असं नाही, बरं का. मर्ढेकरांच्या पिंपात मेलेल्या उंदरांच्या कवितेजवळ काहीही लावलं तरी ते लुडबुडच करतं. त्या कवितेला कोरी भिंत द्या.

मांडणी करताना चित्र डावीकडे आणि कविता उजवीकडे ठेवा. नजर आधी चित्रावर थबकते, मग माणूस वाचतो. उलट केलं तर लोक कविता वाचून झाल्यावर चित्रात 'उत्तर' शोधतात. वाचनालयात बोर्ड नसतील तर जुन्या धोतराची लांब पट्टी भिंतीला ताणून तिच्यावरच टाचा. आमच्या अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे, सुमारे ४० फूट लांब कापडावर ओव्याही आणि आकृत्याही. तेव्हा आपल्या भागात हे नवं नाही.

कॅलेंडरची कात्रणं मोठी केली की फुटतात. राइक्सम्युझियमच्या साइटवरून व्हर्मीरचं मोठं चित्र फुकट उतरवता येतं, गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे रंगीत छापून घ्या. कवींचं म्हणाल तर आपल्याकडे कॉपीराइट कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. बालकवी १९१८ मध्ये गेले, मर्ढेकर १९५६ मध्ये, त्यांची काळजी नको. हयात कवीला मात्र चार ओळी लिहून विचारा.

आणि पावसाची जोडी सूनबाईंनाच लावू द्या. नाही पटली तर टाचणी काढायला कितीसा वेळ लागतो?